घुट्टी द्यायला मी येत नाही

नाही रे रिझवान, तो खजुराचा डबा आधी बाजूला ठेव — मला माझी नेहमीची ट्यूब दे, एवढंच. ओठावर काही दिसत नाही? कसं दिसेल, सकाळपासून नुसती चुणचुण आहे, फोड उद्या येईल — किंवा येणारही नाही. लोक म्हणतात, अंगातली उष्णता. उष्णता कसली? लहानपणी कुणीतरी लाडाने मुका घेतो, विषाणू आत शिरतो आणि कानाजवळ, मज्जातंतूच्या मुळाशी जाऊन झोपतो. फोड वाळतो, तो जात नाही. तुझं हे अख्खं मेडिकल त्याला तिथून हलवू शकत नाही. ऊन लागलं, ताप आला, मनाला घोर लागला, की त्याच वाटेने परत त्याच जागी. तीस वर्षं कॉलेजात मी हेच शिकवलं — तुलाही, तू मागच्या बाकावर पेंगायचास — आणि तरी —

काल तुला लेक झाली, चावलेल्या खजुराच्या घुट्टीसाठी मी आठवलो, मोठेपणा तुमचा. देणाऱ्याचा स्वभाव बाळात उतरतो, म्हणून ‘सरांसारखी शिकू दे’ — हो ना? माझी लेक सादिकाही तिच्या बाळाच्या वेळी हेच म्हणाली होती. खजूर अब्बांनीच चावायचा, अब्बांच्याच बोटाने बाळाच्या तोंडात. त्या सकाळी अशीच चुणचुण होती. आरशात पाहिलं — ओठ स्वच्छ. मला कळत नव्हतं का? कळत होतं. फोड नसतानाही तो लाळेत असतो. पण व्याही उभे, सगळे माझ्याकडे बघतायत, आणि मला — मला फार बरं वाटत होतं, रिझवान.

आठव्या दिवशी ताप. मग झटके. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला काही झालंय? सगळे नाही म्हणाले. मीही नाही म्हणालो. तेव्हा बोललो असतो तर — औषध होतं रे, सलाइनमधून देतात, वेळेत दिलं असतं तर — की माझ्यामुळे नव्हतंच ते? असेलही दुसरं काही, तपासलं कुणी? अनिस नाव ठेवलं होतं. पंधरा दिवसांचा होता.

अकरा वर्षं झाली. त्या तारखा आल्या की माझा ओठ फुटतो, आणि सादिका महाळुंग्याहून येऊन मलम लावून देते. हो, तीच. स्वतःच्या बोटाने. ‘अब्बा, किती काळजी करता,’ म्हणते. मी फक्त एवढंच म्हणतो — हात धू.

घरी तुझ्या इफ्फतला सांग, सर येत नाहीत. आणि बाळाचा मुका कुणालाही घेऊ देऊ नका, कुणी कितीही रुसलं तरी. सादिका तुला विचारेल, अब्बा का नाही गेले — ती विचारणारच. तू काही बोलू नकोस. तिला मी स्वतः सांगेन. या वेळी — असं बघू नकोस माझ्याकडे. ट्यूब राहू दे, तिच्या बोटाने आता मलम नको. त्या ताई कधीच्या चिठ्ठी घेऊन उभ्या आहेत, त्यांचं बघ आधी.