नाकातली जळू

हॅलो?… कोण, रविता? बोल बाई, पण लवकर बोल. हात रक्तानं भरून आहेत माझे… अगं माझं नाई, भुरूचं. आपल्या कुत्र्याच्या नाकातून रक्त येऊन राहिलं सकाळपासून.

काय होणार… जळू घुसली नाकात. बोडीच्या तळ्यावर पाणी प्यायले जाते ना तो. तुझे बाबूजी तंबाखू भिजवून राहिले. ते पाणी नाकात ओतलं का जळू बाहेर. शेजारच्या मनिराम भाऊजीच्या कुत्रीची अशीच तर काढली होती…

नको?… काऊन नको? हो, हो… अगं ऐक ना, आमगावच्या सासरी बसून तुले इथलं नाक दिसते का?

नाई, जळू दिसली नाई. आत आहे तर दिसेल कशी?

हो, दोन्हीकडून येते रक्त… मंग दोन असतील.

जेवते कुठं. पेज टाकली तशीच पडून आहे. आंग गरम लागते, पण ऊन किती आहे…

बरं, थांब. अजी, जरा दम धरा, पोरगी काही सांगून राहिली. भाऊजी, तुम्ही पाय धरूनच ठेवा त्याचे.

हं, बोल. ओठ वर करू?… चावायची ताकद कुठं राहिली त्याच्यात. केला वर.

लाल नाई गं. हिरड्या पांढऱ्या आहेत. धुतलेल्या तांदळावानी पांढऱ्या.

पोटावर?… थांब, केस बाजूले करू दे… लाल लाल ठिपके आहेत. मुंग्या चावल्या असतील… बरं बाई, नाई म्हणत मुंग्या.

कानात गोचिड आहेत. चांगल्या फुगलेल्या. पायाच्या बोटांतही आहेत. बैलाच्या कोठ्यात झोपते तो, लागणारच ना… गोचिडीनं ताप येते? अन् रक्त वाहते?… काहीबाही नको सांगू.

…

तुमच्या टायगरले? तो कुत्रा यानंच गेला? तू तर म्हणाली होती, काही खाण्यात आलं त्याच्या… लपवलं कायले मग? आईपासून?… बरं. रडू नको. ऐकून राहिली मी.

अजी, ओता ते पाणी बाहेर. जळू नाई आहे, गोचिडीचा ताप आहे. जखम मांडीले अन् मलम शेंडीले करून राहिलो आपण. श्वास त्याले आधीच घेता येऊन नाई राहिला, वरून तंबाखू ओताल… भाऊजी, सोडा पाय.

नाई, नाकात नाई ओतलं. लोटा धरून उभे आहेत तुझे बाबूजी. तोंड उतरून गेलं त्यांचं.

अर्जुनीच्या ढोराच्या डॉक्टरले फोन केला तू?… थांबतो म्हणाले? हो… गोचिड ओढायच्या नाई, बोटानं चिरडायच्या नाई. नाकावर थंड ओला फडका. तोंड बांधायचं नाई. हो, हो, समजलं.

रविता… वाचेल ना तो? सरळ सांग.

…

बरं. सांगता नाई येत तर नाई येत. भेव लागून राहिलं मले.

कसं नेणार म्हणजे, मोटरसायकलवर. रोज त्याच गाडीच्या मागं धावते ना तो, गावाच्या शिवेपर्यंत. अन् तुझे बाबूजी रोज ढेकूळ मारून त्याले घरी हाकलतात…

थांब. गाडीले किक मारली त्यांनी… अगं, उठून राहिला तो. पाय टिकून नाई राहिले, तरी उठून राहिला. त्याले वाटते, मागं धावा लागते.

द्या जी त्याले इकडं, माझ्या मांडीवर. बसली मी गाडीवर नीट…

ऐकलं का तू?… तुझे बाबूजी त्याले म्हणतात, आज धावू नको रे, आज बस.

ठेव आता. दोन्ही हात लागतात मले.