रीत चुकली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे माजी मुख्याध्यापक, संस्थेच्या चिटणीसबाई, व्यासपीठावरील पाहुणे, माझे सहकारी, पालक मंडळी आणि भाषणं कधी संपतात म्हणून घंटेकडे कान लावून बसलेल्या मुलांनो,

मानपत्र फार सुरेख अक्षरात लिहिलंय. ‘सलग चौदा वर्षं सहावीचा गणिताचा निकाल शंभर टक्के’ या वाक्याला टाळ्याही पडल्या. त्या मी निमूटपणे घेतल्या. आता त्या चौदा वर्षांच्या आधीचं थोडं सांगते. अध्यक्षांना ते ठाऊक आहे. त्यांनी विसरल्यासारखं केलं तरी माझी हरकत नाही.

दुसऱ्या शाळांत सोळा वर्षं काढून मी इथे रुजू झाले तेव्हा अपूर्णांकांचा भागाकार एका ओळीत उरकत असत. दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा. का उलटा करायचा, असं कुणी विचारलं तर त्याला बाकावर उभं करत. मला ते पटेना. माझ्या वर्गात एका शिंप्याची मुलगी होती. पुढच्या बाकावर बसायची, सारखी नखं खायची. तिच्या वडिलांकडून मी उरलेली फीत मागून आणली. चार मीटर फीत भिंतीवर ताणली आणि विचारलं, यातून दोन-तृतीयांश मीटरचे तुकडे किती निघतील? मुलांनी प्रत्येक मीटरचे तीन भाग केले. बारा भाग झाले. एका तुकड्याला दोन भाग लागतात, म्हणजे तुकडे सहा. फळ्यावर मी अजून काहीच लिहिलं नव्हतं.

ती मुलगी म्हणाली, “बाई, म्हणजे आपण उलटं काही केलंच नाही. आधी तिनाने गुणून बारीक केलं, मग दोन-दोन उचलले.”

तेहतीस वर्षांच्या नोकरीत याहून चांगलं वाक्य मी वर्गात ऐकलं नाही. माझं स्वतःचंही नाही.

या धड्याला नऊ दिवस गेले. मग सामायिक चाचणी आली. तीस मिनिटांत तीस गणितं. शेजारच्या तुकडीने तीसही सोडवली. माझ्या मुलांची जेमतेम एकोणीस झाली. एकोणीसही बरोबर, पण निकालाच्या तक्त्यावर आम्ही तळाला. अध्यक्ष तेव्हा मुख्याध्यापक होते, त्यांनी मला बोलावून घेतलं. शब्द त्यांचेच आहेत, मी पदरचं काही घालत नाही. “बाई, मुलांना उत्तर यायला हवं. कारण कुठे छापून येतं?”

माझा वर्ग गेला. शिवणाचा तास आणि हजेरीपटांचं काम गळ्यात आलं. घरी नवरा म्हणाला, “नियम सांग आणि मोकळी हो. तुझं काय जातंय?” त्याचंही चुकलं असं म्हणत नाही, रोज माझं तोंड बघायला त्यालाच लागायचं.

महिनाभरात ती शिंप्याची मुलगी जिन्यात भेटली. वही पुढे केली. तिने फितीसारखी पट्टी काढून गणित सोडवलं होतं. उत्तर बरोबर. वर लाल शाईत काट, आणि शेरा, ‘रीत चुकली’.

“बाई, माझं चुकलं का?”

वरच्या पायरीवर मुख्याध्यापक उभे होते. मी म्हणाले, “सर सांगतात तसं कर.”

तिने वही मिटली आणि गेली. पुन्हा तिने मला काही विचारलं नाही. शाळेत आणखी चार वर्षं होती, समोरून जायची, नमस्कारही करायची.

दोन वर्षांनी मी स्वतःच्या पायांनी कचेरीत गेले. म्हणाले, वर्ग परत द्या, नियमाने शिकवीन. कुणी माझा हात पिरगाळला नव्हता. मला फळा हवा होता, माझा तास हवा होता, आणि त्यासाठी जे द्यावं लागलं ते मी दिलं. पुढची चौदा वर्षं तुम्ही मानपत्रात वाचलीत. एवढा निकाल लागतो, मग दुःख कसलं, असं कुणाला वाटेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

गेल्या आठवड्यात माझी शेवटची चाचणी झाली. सहाला दोन-तृतीयांशने भागा, असं एकच गणित घातलं आणि खाली विचारलं, भागाकार करूनही उत्तर सहापेक्षा मोठं का आलं? बेचाळीस मुलं. नऊ हे उत्तर बेचाळीस जणांनी बिनचूक लिहिलं. ‘का’पुढे एकेचाळीस जणांनी जागा कोरी सोडली. एकाने लिहिलं, ‘बाईंनी उलटं करायला सांगितलं म्हणून.’

त्याला मी पूर्ण गुण दिले. त्याचं उत्तर खरं होतं.

असो. अध्यक्षांनी वेळ काढला, संस्थेने शाल दिली, सहकाऱ्यांनी एवढा घाट घातला, सर्वांची ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर थोरामोठ्यांनी पोटात घालावं. मुलांनो, तुम्ही मात्र घालू नका.

नमस्कार.