उथळ पाण्याचा आवाज

बोटीवरची यंत्रं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात माझ्या पुढे एक म्हातारी होती. मासे शोधायचं यंत्र तिने टॉवेलात गुंडाळून आणलं होतं.

"मावशी, ही आठ-दहा वर्षं टिकतात. खारं पाणी कुणाला सोडतं? म्हातारं झालंय, भंगारात द्या."

"मी पण झालेय की. मलाही देतोस का?"

"तसं नव्हे हो! पडदा पार गेलाय. बोटीला नवंच बसवा."

"बोट विकली, आमचे हे गेल्यावर."

"मग याचं काय काम?"

"यांची बोट धक्क्याजवळ उथळ पाण्यात आली की हे यंत्र वाजायचं. घरात ऐकू यायचं. मी चहा ठेवायचे."

"आणि आता?"

"संध्याकाळी बॅटरी लावून याचा पाण्यात बुडवायचा भाग भरल्या बादलीत सोडते. परवापासून वाजतच नाही."

"पडदा काही मिळणार नाही, मावशी."

"पडदा मी कधी बघितलाच नाही रे. आवाज तेवढा परत आण."