तारेचा ब्रश

माझं माहेर लालबागच्याच चाळीतलं, सासर दोन गल्ल्या पलीकडे, म्हणजे उभा जन्म इथल्या इथेच गेला बघा. मूळ गाव देवगडाकडे, पण तिथे आता नुसता चौथरा उरलाय, जाऊन करणार काय. आमचे हे शिवडीला गोदामात हमाल, शंभर किलोचं पोतं एकटे पाठीवर घ्यायचे. आणि मी लोअर परळला, मिलच्या जागेत ती हॉटेलं झाली ना, त्यातल्या एकात जाळ्या घासायला. भांडी नाय, नुसत्या जाळ्या. कोळशावर चिकन, कोलंबी भाजतात ना, त्या लोखंडी जाळ्या.

काय सांगू तुम्हाला, लोकांना वाटतं घासणं म्हणजे घासणं, पण तसं नाय. जाळी गरम आहे तोवरच हात लावायचा, थंड झाली की चरबी अशी धरते की खिळ्यानं उकरावी लागते. गरम असतानाच तारेचा ब्रश मारायचा, खालची राख काढायची, मग तेलाचं फडकं फिरवायचं म्हणजे गंज धरत नाय. आधीचे भट्टीवरचे उस्ताद होते ते अर्धा कांदा काट्याला टोचून जाळीवर घासायला लावायचे, सगळं काळं कांद्यावर येतं. ते गावी गेले, नवीन मॅनेजर आला, तो म्हणाला मावशी कांद्याला वेळ कुठे आहे, ब्रश मारा. ब्रश जुना झाला, तारा गळायला लागल्या, मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा तो म्हणाला अजून चालतोय की. मग चालवला मी. मीच चालवला, हां.

दुपारचं गिऱ्हाईक आटपलं की उरलेले तुकडे आम्हाला वाटून द्यायचे. ह्यांना ते चिकन फार आवडायचं, मी संध्याकाळी डबा घेऊन यायची तर हे हातपाय धुऊन वाट बघत बसलेले. एका रविवारी असंच खाल्लं, दोन दिवसांनी पोटात दुखायला लागलं. हे म्हणाले गॅस असेल, ओवा चावला, कामावर गेले, आणि पोतं उचलताना खालीच बसले. इस्पितळात नेलं तर अंगात ताप, पोट लाकडासारखं. ऑपरेशन केलं. मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, हातात छोटी बाटली, बाटलीत एक तार, केसाएवढी बारीक, नखाएवढी लांब. हिनं आतड्याला भोक पाडलं म्हणाल्या, पोटात गेली कशी? बघताक्षणी ओळखली होती मी. तरी म्हटलं, माहीत नाय.

हे वाचले. पण वजन उचलायचं नाय म्हणून सांगितलं, आता हमालाला वजन उचलू नको म्हटलं तर त्यानं करायचं काय? गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. मॅनेजरला मी सांगितलं, तर तो म्हणाला मावशी, हे बाहेर बोलू नका. शेजाऱ्यांनी विचारलं की मीच सांगायची, कुठल्या तरी वडापावात आली असेल. वर्ष गेलं असं. मग एक दिवस राहवलं नाय, भाकरी वाढता वाढता बोलून टाकलं, ती तार माझ्या ब्रशची होती. हे जेवत राहिले. मग म्हणाले, माहीत आहे मला, तुझ्या साडीतून तसल्या तारा मीच किती वेळा उपटून काढल्यात.

बस्स, एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं. अजून बोलतात माझ्याशी, पाणी दे, खिडकी लाव, पण मी ताट वाढलं की आधी बोटानं चाचपून बघतात. साधा भातसुद्धा.

काम सोडलं नाय मी, घर कोण चालवणार? नवा ब्रश आला, त्याच्याही तारा गळतात. ओलं फडकं फिरवते, गजावरून बोट फिरवून बघते, पण एवढ्या जाळ्या, वर मागून हाका, कुठवर बघणार. जो खाईल त्याला सुखरूप पचो, असं मनात म्हणते आणि पुढची जाळी ओढते.