पश्चिमेकडच्या जिन्याने उतरावे

या समारंभाचे अध्यक्ष माननीय कुलगुरू महोदय, व्यासपीठावरील कुलसचिव आणि अधिष्ठाता, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती म्हणजे आमच्या बाई, पहिल्या रांगेत आवर्जून येऊन बसलेल्या सरांच्या पत्नी, माझे सहकारी प्राध्यापक, कार्यालयातील सर्व बंधुभगिनी, आणि चहा कधी येतोय यावर एक डोळा ठेवून मागच्या दाराशी उभे असलेले माझे लाडके विद्यार्थी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मला 'दोन शब्द' बोलायला सांगितलं आहे. दोन शब्दांत काम भागलं असतं तर मी प्राध्यापक कशाला झालो असतो? तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

माझ्याआधीच्या वक्त्यांनी बाईंच्या आवक-जावक विभागातल्या सेवेचं कौतुक केलं. टपाल कधी तुंबलं नाही, शिक्का कधी वाकडा पडला नाही, कुणाशी कधी वरच्या पट्टीत बोलणं झालं नाही. सगळं खरं आहे. पण बाई या विद्यापीठात लागल्या त्या टपालाच्या टेबलावर नव्हे. त्या निवेदिका होत्या. हे माझ्या विद्यार्थ्यांना ठाऊक नसणार, कारण निवेदिका नावाची जागाच आता उरलेली नाही.

त्या काळी, मंडळी, तुमच्या खिशातली ती चपटी वस्तू नव्हती. विद्यापीठाला काही सांगायचं असेल तर ते कर्ण्यावरून सांगितलं जायचं. वाचनालयाच्या कोपऱ्यावर, खानावळीच्या छपरावर, प्रत्येक इमारतीच्या मधल्या मार्गिकेत एकेक कर्णा. प्रशासकीय इमारतीच्या वरच्या मजल्यावर एक चिमुकली खोली होती. तिथे एक ध्वनिक्षेपक, एक खुर्ची आणि बोलण्याआधी आठवणीने बंद करावा लागणारा एक पंखा. पंखा चालू राहिला की साऱ्या आवारात वादळ आल्यासारखं वाटायचं. सकाळी अकरा वाजले की बाईंचा आवाज यायचा. "सर्वांना कळविण्यात येते की…"

काय काय कळवलं जायचं म्हणून सांगू? मुलांच्या वसतिगृहाची टाकी धुवायला काढली आहे, आज आंघोळीचा आग्रह धरू नये. वाचनालयात शिरलेल्या कुत्र्याला कुणी खाऊ घालू नये. एकाच पायातली चप्पल सापडली आहे, मालकाने दुसरी दाखवून घेऊन जावी. फुटबॉलचा सराव रद्द, कारण फुटबॉल सापडत नाही. हे सगळं बाई एका संथ, सपाट सुरात वाचायच्या. निकाल असो, शोकसभा असो की चप्पल असो, सुरात फरक नाही. आम्ही पोरं त्यांना 'भोंगाताई' म्हणायचो. बाई, हे तुम्हाला माहीत होतं, तुम्ही हसताय म्हणजे होतंच.

हा सपाट सूर काही उपजत नव्हता. त्यांच्या आधी तिथे एक वयस्क निवेदक होते. त्यांनी खुर्ची सोपवताना बाईंना एकच गोष्ट शिकवली होती. इथे हजारो पोरं एका वेळी ऐकतात, आपला आवाज चढला की त्यांचे पाय सुटतात. वाईट बातमी तर जास्तच शांतपणे द्यायची. बाईंनी ते मनापासून घेतलं.

आता अशा सुराची नक्कल होणार नाही तर काय होणार? स्नेहसंमेलनात दरवर्षी बाईंची नक्कल ठरलेली. आमच्या वर्षाला एक मुलगी ती इतकी हुबेहूब करायची की समोर बसलेल्या बाई स्वतःच चकित व्हायच्या. त्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर, बाई चहाला गेल्या आहेत असं पाहून या मुलीला तिच्या मित्रांनी त्या खोलीत घुसवलं, आणि उद्याचा पेपर पुढे ढकलल्याचं साऱ्या विद्यापीठाला कळविण्यात आलं. अर्धी मुलं घरी निघून गेली. मोठा गहजब झाला. मुलीला ताकीद मिळाली आणि कुलसचिवांचा हुकूम निघाला की परीक्षेच्या वेळात कर्णे बंद राहतील, कोणतीही घोषणा होणार नाही.

हसताय ना? हसा. आम्हीही खूप हसलो होतो.

त्याच परीक्षेत, रसायनशास्त्राच्या जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर आम्ही पेपर लिहीत होतो. मी होतो, आणि माझ्यापुढच्या बाकावर माझी ताई होती. ताई माझ्यापेक्षा वर्षभराने मोठी. आजारपणात तिचं एक वर्ष गेलं आणि ती माझ्याच वर्गात आली. याचा तिला राग होता, आणि तो ती माझ्या प्रयोगवहीतल्या चुका काढून शमवायची. पर्यवेक्षक होते आपले सर. ज्यांची तसबीर माझ्या डोक्यावर आहे, ज्यांचं नाव या सभागृहाला आहे, ते सर.

पेपर निम्मा झाला असेल, आणि मार्गिकेतला कर्णा खरखरला. "सर्वांना कळविण्यात येते की, रसायनशास्त्र इमारतीत तळमजल्यावरील प्रयोगशाळेत आग लागली आहे. पहिल्या मजल्यावरील सर्वांनी लेखन थांबवून पश्चिमेकडच्या जिन्याने उतरावे. पूर्वेकडच्या जिन्याने जाऊ नये. धावू नये."

हे मी कागद बघून म्हणत नाही, आपण पाहताच आहात. इतकी वर्षं झाली, यातला एक शब्दही मी विसरलेलो नाही.

ताई उठून उभी राहिली. सर म्हणाले, "बस खाली."

ताई म्हणाली, "सर, आग म्हणतायत त्या."

"बाई नाहीत त्या. तुमच्यातलीच आहे कुणीतरी. परीक्षेत घोषणा होत नसते. आणि खरी आग लागली असती तर बाई अशा कीर्तन संपल्यासारख्या बोलल्या असत्या? ओरडल्या असत्या. बस."

वर्गात हशा पिकला. ताई बसली. सर म्हणाले की बसायचं, हेच आम्हाला आयुष्यभर शिकवलेलं होतं. घोषणा पुन्हा झाली, पुन्हा झाली. पलीकडच्या वर्गाच्या बाकांचा सरकण्याचा आवाज आला, पावलं पश्चिमेकडे गेली. त्या वर्गातलं एकही पोर जखमी झालं नाही. सर म्हणाले, "जाऊ देत, त्यांचे गुण कापू." मग खालून काहीतरी फुटल्याचा आवाज आला, आणि दाराच्या फटीतून धूर.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण मला ते थोडक्यातच सांगता येतं. सगळे एकदम उठले, आणि जवळचा म्हणून पूर्वेच्या जिन्याकडे लोटले. सरांनी माझी कॉलर धरली, मला अक्षरशः फरफटत पश्चिमेच्या जिन्यावर आणून ढकललं आणि ते परत आत गेले. आणखी कितीतरी मुलांना त्यांनी असंच बाहेर काढलं. शेवटच्या खेपेला ते परत आले नाहीत. माझी ताई आणि वर्गातली आणखी दोन मुलंही आली नाहीत.

सर भित्रे नव्हते, दुष्ट तर मुळीच नव्हते. आज मी तुमच्यासमोर उभा आहे तो त्यांनी कॉलर धरली म्हणून. त्यांच्या नावाच्या सभागृहाबद्दल माझी तक्रार नाही. पण चौकशी समितीला एक प्रश्न पडला होता की एक वर्ग वेळेत बाहेर पडला आणि दुसरा का नाही? उत्तरं दोन होती. त्यातलं एक देणं फार अवघड होतं, कारण तोवर सरांची अंत्ययात्रा निघाली होती आणि सारं विद्यापीठ तिच्यामागून रडत चाललं होतं. मग दुसरं दिलं गेलं. घोषणा पुरेशी स्पष्ट व सर्वत्र ऐकू जाण्याजोगी नव्हती, असं समितीने लिहिलं. पलीकडची मुलं धूर पाहून निघाली, असंही लिहिलं. मी इस्पितळातल्या खाटेवर बसून समितीच्या सदस्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाळ, तू धक्क्यात आहेस."

मला एवढंच विचारायचं आहे, अध्यक्ष महोदय. जे आमच्या वर्गात ऐकूच आलं नाही, ते मला तोंडपाठ कसं?

बाईंना निवेदनावरून काढलं आणि तळघराशेजारच्या आवक-जावकला बसवलं. कर्ण्यासाठी नवा माणूस नेमला, त्याचा आवाज खणखणीत होता, म्हणे. त्या दिवशी बाईंनी लेखी हुकूम मोडला होता. खिडकीतून धूर दिसला, कुलसचिव जागेवर नव्हते, परवानगी कुणाची घेणार? नोकरी जाईल हे कळत असताना त्यांनी पंखा बंद केला आणि बोलायला बसल्या, आणि वीज जाईपर्यंत बोलत राहिल्या. समोर आमच्या वर्गाच्या खिडक्या त्यांना दिसत होत्या. त्या खिडक्यांत कुणी हलत नव्हतं.

इथे नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू चांगला मुलगा आहेस, म्हणून माझी समजूत घालतोस." अहवाल दुरुस्त व्हावा म्हणून मी आलेल्या प्रत्येक कुलगुरूंना भेटलो. सगळ्यांनी नोंद घेतली. नोंद घेण्यात आपलं विद्यापीठ कधीच कमी पडलेलं नाही.

काल संध्याकाळी मी बाईंच्या घरी गेलो. त्या म्हणाल्या, "उद्या गोड बोल हं. सरांचं काही काढू नकोस. गेलेल्या माणसाला कशाला?"

मी म्हटलं, "आणि राहिलेल्या माणसाचं काय?"

त्या म्हणाल्या, "तसं नाही रे. मला अजून वाटतं की मी ओरडायला हवं होतं. तेवढा एकच दिवस ओरडले असते तर?"

हे ऐकलं आणि ठरवलं, की गोड बोलायचं नाही. या बाई उद्यापासून घरी बसणार, रिकाम्या वेळी हाच प्रश्न स्वतःला विचारत. समजूत घातल्यासारखं एकांतात सांगून त्यांना पटत नाही. म्हणून सगळ्यांदेखत, ध्वनिक्षेपकावरून सांगतो आहे. बाई, तुम्ही ओरडला असता तर पलीकडचा वर्गही पूर्वेच्या जिन्यावर चेंगरला असता. तुमच्या शांत आवाजाने एक अख्खा वर्ग घरी गेला. आमच्या वर्गात तुमचा शब्द पोचला होता. तो मानला गेला नाही, आणि त्यात तुमचा काहीही दोष नव्हता.

काकू, तुमच्याकडेही मी काल येऊन गेलो. काय बोलणार आहे ते सांगितलं. तुम्ही चहा दिलात, सरांच्या फोटोकडे पाहिलंत आणि काही बोलला नाहीत. मी त्याला होकार समजलो नाही. तरीही आज तुम्ही येऊन समोर बसलात, त्याचं मोल मला कळतं.

आजच्या कार्यक्रमाचा वृत्तांत विद्यापीठाच्या पत्रिकेत छापून येतो. त्यात पुष्पगुच्छ कुणी दिला हे नाही छापलं तरी चालेल, मी काय बोललो ते छापा, एवढी माझी कुलगुरू महोदयांना जाहीर विनंती. आपण नोंद घ्याल याची मला खात्री आहे. या वेळी मी छापील अंक हातात येईपर्यंत आपल्या दालनाबाहेर बसणार आहे.

पुष्कळ बोललो. आपण शांतपणे ऐकून घेतलंत, संयोजकांनी चिठ्ठी पाठवून मला थांबवलं नाही, त्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल तर मला मोठ्या मनाने माफ करा.

आणि बाई, तुमच्याकडे एक माफी वेगळी मागायची आहे. ती माझी नाही. ताई गेल्यावर तुम्ही आमच्या घरी आला होतात. माझ्या आईने तुम्हाला खिडकीतून पाहिलं आणि दार उघडलं नाही. तुम्ही किती तरी वेळ पायरीवर उभ्या होतात. मी आईला पुढे अनेकदा समजावलं, पण ती म्हणायची, "एवढी शिकलेली माणसं खोटं छापतील का?" ती हेच धरून गेली. शेवटपर्यंत तुम्हाला शिव्याशाप देत गेली. आज ती इथे असती तर मी तिला हाताला धरून तुमच्यासमोर आणलं असतं. ती नाही, म्हणून तिचा मुलगा या नात्याने मी तुमच्या पाया पडतो. तिला क्षमा करा.