युरोपची फौज आणि क्रिस्टोफरचं लग्न

खरं म्हणजे मी हे सांगायचंच नव्हतं, आंटी. मम्मीने सकाळीच बजावलं होतं — केली, आज बेव्हर्लीची अ‍ॅलिस आंटी येणार आहे आपल्या क्रिस्टोफरला बघायला, तू सरबत द्यायचं, हसायचं, आणि फौजेचा फ सुद्धा काढायचा नाही. आणि मी काय केलं? तुम्ही नुसतं विचारलंत, 'पोर्तुगीज पासपोर्ट आलाय ना, मग मुलगा युरोपला जातोय कधी?' — आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की फौजेचं नक्की कळल्याशिवाय मम्मी त्याला पाठवणार नाही. खलास. आता तुम्ही पर्स उचलून मांडीवर घेतलीत. नका ना, आंटी, बसा. मम्मी आत कटलेट तळतेय, एक्झॉस्ट चालू आहे, तिला काही ऐकू येत नाही. पप्पा क्रिस्टोफरला आणायला हमरिया बंदरावर गेलेत — त्याच्या वर्कशॉपमध्ये कुठल्या तरी जहाजाचा पंप उघडून पडलाय, बॉस सोडत नव्हता, आणि त्यात शारजाचा ट्रॅफिक. म्हणजे अर्धा तास आपल्याकडे आहे. तेवढ्यात मी सगळं नीट समजावते. मी फार बोलत नाही, बिल्डिंगमध्ये कुणालाही विचारा, अर्ध्या लोकांना वाटतं मला बोलताच येत नाही — पण आज गप्प बसले तर हे लग्न मोडेल, आणि मोडलं तर ते माझ्या एका वाक्यामुळे मोडेल.

आधी पासपोर्टचं सांगते. मम्मी दमणची. तिचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, दमणमध्ये पोर्तुगीज राजवट होती तेव्हा जन्मले. आयुष्यभर पोर्तुगीजांना शिव्या घालत गेले बिचारे, आणि आता त्यांच्याच जन्माच्या जोरावर आम्ही पोर्तुगीज. आधी त्यांची नोंद लिस्बनला करायची, मग मम्मीची, मग आम्हा दोघांची — तीन वर्षं लागली, वकिलाला किती दिले ते मम्मी झोपेत सुद्धा सांगते, तुम्ही नका विचारू. पप्पा मात्र वसईचे, त्यांचं काही झालं नाही. त्यामुळे एअरपोर्टवर आम्ही तिघं एका रांगेत आणि पप्पा एकटे लांब दुसऱ्या रांगेत, हातात सगळ्यांच्या बॅगा. युरोपच्या भाषेत त्यांना 'तिसरा देश' म्हणतात. चिडले की पप्पा म्हणतात, 'तिसऱ्या देशाला चहा मिळेल का?'

तर सगळं मस्त चाललं होतं. आणि मग विन्स्टन अंकल — मम्मीचे भाऊ, दमणलाच असतात, त्यांचाही पासपोर्ट झालाय, पण ते कुठे जात नाहीत, घरी बसून फॉरवर्ड करतात — त्यांनी मेसेज टाकला, 'युरोप जागा झाला! युरोपचा पासपोर्ट असलेल्या प्रत्येक तरुणाच्या हातात बंदूक देणार!' खाली सहा लाल दिवे. त्याच रात्री टीव्हीवर दाखवलं, युरोपचे सगळे मोठे लोक एका लांब टेबलाभोवती बसून म्हणतायत, आता स्वतःचं रक्षण स्वतः करायला हवं, सगळ्यांनी मिळून शस्त्रं घ्यायला हवीत. मम्मीच्या हातातला डाव खाली पडला. तिला काय वाटलं, ते क्रिस्टोफरकडेच बघून बोलतायत. आमचा क्रिस्टोफर, आंटी! पाल दिसली की खुर्चीवर चढतो. त्याला बघून शत्रू पळेल की नाही माहीत नाही, तो मात्र नक्की — नाही, म्हणजे घाबरट नाहीये तो. पालीचंच फक्त. बेव्हर्लीला सांभाळेल तो, त्याची काळजी नको.

पण ऐका, मला यातलं खरंच माहीत आहे. शाळेत कशफ मिसनी मला प्रोजेक्टला हाच विषय दिला होता — युरोपची समान सुरक्षा आणि संरक्षण. बाकीच्यांना डॉल्फिन, मंगळ ग्रह, आणि मला हे. पण मी सगळं वाचलं. आणि म्हणून सांगते, तुम्ही निर्धास्त राहा — युरोपची फौज नाहीच आहे! देशांच्या आपापल्या फौजा आहेत, पण सगळ्यांची मिळून एक, अशी नाही. पंधराएक वर्षांपूर्वी — नाही, त्याच्याही आधी — त्यांनी वेगळ्या तुकड्या ठरवल्या होत्या, काही झालं की झटकन पाठवायच्या. आळीपाळीने दोन-चार देशांनी मिळून तयार राहायचं. आणि इतक्या वर्षांत किती वेळा पाठवल्या? एकदाही नाही. त्या शोकेसमधला डिनर सेट बघा. मम्मीच्या लग्नातला आहे. दर ख्रिसमसला बाहेर निघतो, पुसला जातो, परत आत. तसंच. कारण काय, तर कुठलीही मोठी गोष्ट करायची तर सत्तावीसच्या सत्तावीस देशांनी हो म्हणायला पाहिजे. आमच्या घरात चौघांचं एसीच्या आकड्यावर एकमत होत नाही, आंटी, आणि तिथे सत्तावीस! एकाने नाही म्हटलं की बसले सगळे. त्यात प्रत्येकाचा रणगाडा वेगळा, म्हणजे याचा पार्ट त्याला बसत नाही. आता म्हणतायत, एकत्र खरेदी करू. करतील, इन्शाल्ला.

काय? मग बेव्हर्लीचं रक्षण कोण करणार? अरे हो. म्हणजे तिकडे कुणी हल्ला केला तर — नाही नाही, तसं नाही, मी जरा जास्तच सांगितलं. आहे ना, करार आहे! लेखी कलम आहे. एका देशावर हल्ला झाला तर बाकीच्या सगळ्यांनी जेवढी होईल तेवढी मदत केलीच पाहिजे. सगळ्यांनी. कुठल्याही —

तुमचा चेहरा असा का झाला? हां. म्हणजे दुसऱ्याच्या भांडणात आपल्या क्रिस्टोफरला — नाही हो! मदत म्हणजे कसली, ते ज्याने त्याने ठरवायचं. हेच तर मला सगळ्यात आवडलं त्यात. कुणी तोफ देईल, कुणी पांघरुणं देईल, कुणी नुसतं निवेदन देईल. त्यात काही देश म्हणतात आम्ही तटस्थ — ऑस्ट्रिया, आयर्लंड, माल्टा — त्यांच्या तटस्थपणाला धक्का लावायचा नाही, असंही त्याच कलमात लिहून ठेवलंय. आणि डेन्मार्क तर जवळजवळ तीस वर्षं संघात होता आणि संरक्षणात नव्हता. लग्नाला यायचं, जेवायचं, पण फोटोत उभं राहायचं नाही. आत्ता आत्ता आले ते फोटोत. अगदी आमच्या दमणच्या नातेवाइकांसारखं आहे बघा. तो मेसेज आल्यावर मम्मीने सगळ्या भावांना व्हिडिओ कॉल लावला, म्हणाली, उद्या माझ्या मुलाला बोलावणं आलं तर तुम्ही काय करणार? सगळे म्हणाले, हे काय विचारणं झालं, एकाचा मुलगा तो सगळ्यांचा मुलगा! मग मोठे मामा म्हणाले, मी रोज मेणबत्ती लावीन. मधले म्हणाले, मी वकिलाचा नंबर देतो. मामी म्हणाल्या, मी लोणचं पाठवते. आणि ज्यांनी मेसेज पाठवला होता ते विन्स्टन अंकल म्हणाले, माझा गुडघा बघता मला यात धरू नका. पप्पा मागून ओरडले, 'ऑस्ट्रिया!' मम्मी दोन दिवस पप्पांशी बोलली नाही. रागावली की ती गुजरातीत बोलते, पण तेव्हा गुजरातीतही नाही.

मग ते सगळे मिळून करतात तरी काय, असं विचारताय ना? करतात की. दुसऱ्या देशांच्या पोलिसांना शिकवतात, सैनिकांना ट्रेनिंग देतात. आणि जहाजं आहेत — तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांना सोबत करायला युरोपची जहाजं असतात, एका देशाचं आज, दुसऱ्याचं उद्या — नाही, क्रिस्टोफरचा त्या जहाजांशी काय संबंध? तो पंप दुरुस्त करतो. पंप सगळ्याच जहाजांना असतो, पण म्हणून — एकदाच तो एका युरोपियन जहाजावर चढला होता, आणि ते कंटेनरचं होतं. लढाऊ जहाजांसारखं राखाडी नव्हतं! हिरवं होतं, बेव्हर्लीनेच फोटो काढला, क्रीकच्या —

फोटो. हो. बेव्हर्लीने.

आंटी, तुम्हाला असं वाटत होतं का, की तिने त्याला अजून फक्त चर्चच्या कॉयरमध्ये लांबून पाहिलंय? मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. खरंच वाटलं. वाईट काही नाही त्यात, देवाशपथ, ते फक्त अब्रात बसतात, खाडीतल्या त्या लाकडी होडीत. बर दुबईहून पलीकडे जायचं, आणि न उतरता त्याच अब्राने परत यायचं. एक दिरहम एका फेरीचा, पंचवीस रुपये धरा. अब्रावाला ओळखतो आता, 'यल्ला, यल्ला' करत जागा करून देतो. आणि मी असते ना बरोबर! मीच तर असते मधे बसलेली. मला कुणी मोजत नाही, म्हणून मला नेतात. मी पाण्याकडे बघत बसते आणि सगळं ऐकते. आणि मी तुम्हाला सांगते, आंटी, तो तिच्याशी बोलतो तेव्हा दुसराच क्रिस्टोफर असतो. मागच्या आठवड्यात म्हणाला, 'तू नाही म्हणालीस तर मी तो पासपोर्ट खाडीत टाकीन, मला लिस्बन नको, तू पाहिजेस.' असं कुणी बोलतं का? हा माणूस घरी 'मीठ दे' एवढंच बोलतो. आणि ती रडली. म्हणून म्हणते, तुम्ही घरी जाऊन नाही म्हणालात तर नुसतं स्थळ नाही मोडणार. आज सकाळी त्याने तीन शर्ट बदलले, मग वर्कशॉपला गेला, ग्रीसमध्ये काम करायला, पांढरा घालून.

पर्सची चेन कशाला लावताय? बोला ना.

शपथ घेऊ? कशाची? की पोर्तुगालच्या फौजेकडून या घरी कधीच बोलावणं येणार नाही? घेते की. देवाशप—

नाही. अशी नाही घेता येणार मला. थांबा, उठू नका, पाया पडते! क्रिस्टोफरला येणार नाही, याची शपथ घेते, लगेच घेते, हे बघा गळ्यातला क्रॉस धरून. पोर्तुगालमध्ये सक्तीची भरती कधीच बंद झाली. एकच गोष्ट राहिलीये सक्तीची. एक दिवस. अठरा वर्षं पूर्ण होतात त्या वर्षी बोलावतात — छावणीत जायचं, झेंडा चढवताना उभं राहायचं, फौज म्हणजे काय, युरोपचं संरक्षण म्हणजे काय ते ऐकायचं, त्यांच्यासोबत जेवायचं, संध्याकाळी घरी. परदेशात राहत असाल तर अर्ज केला की सूट मिळते. बस, एवढंच. क्रिस्टोफर सव्वीस वर्षांचा आहे, त्याचं ते वय केव्हाच गेलं.

नाही, घरात दुसरा मुलगा नाही. मुलींनाही बोलावतात, आंटी. मुलं-मुली सगळ्यांना. आणि पुढच्या वर्षी या घरात अठरा वर्षांची होणार आहे ती मी. मम्मी गेले चार महिने ज्याच्यासाठी नोव्हेनाची प्रार्थना करतेय त्याला नाही, मला बोलावणार आहेत. कुणी मला विचारलंच नाही ना, म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. तुम्हीच पहिल्या.

हसताय तुम्ही? नाही, हसा, छान वाटलं, मला वाटलं तुम्ही — हो, मुलाचं काही नाही. अगदी काही नाही. बेव्हर्लीच्या मम्मीला आत्ताच फोन लावताय? लावा ना! सांगा, 'मुलगा चांगला आहे.' तो आहेच. हां, सांगा, 'फौजेबिजेचं काही नाही, मुलाचं नाही, मुलीचं आहे, तिचं काय' — हो, तेही सांगा. बरोबर आहे. तारीख? पुढच्या जानेवारीत? इतक्या लवकर! क्रिस्टोफर वेडा होईल.

तुम्ही बोला फोनवर, मी आपली सांगून टाकते, तुम्हाला ऐकू नाही आलं तरी चालेल. तो सूट मागायचा अर्ज आहे ना, तो मी भरणार नाहीये. मी जाणार आहे. एकटी. आजपर्यंत मला कुणी कुठे बोलावलेलंच नाही, आंटी, वाढदिवसाला सुद्धा मम्मीच्या मैत्रिणी म्हणतात, 'केलीला पण आण.' आणि हे लोक माझं नाव लिहून, मलाच, म्हणतायत ये. माझ्यावाचून त्यांचं काही अडत नाही, कळतं मला, सत्तावीस देशांचं एकमेकांवाचूनही अडत नाही. पण मी त्या रांगेत उभी राहणार, आणि कुणी विचारलं ना, की तू कशाला आलीस, तर मी मान खाली नाही घालणार, मी त्यांना सरळ —

हो मम्मी! आले! हो, प्लेट्स घेऊनच —