बोंडअळीची प्रयोगशाळा

आमच्या राजन्ना सरांचं सांगतो, ऐका. आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे तुकडे झाले, त्या साली आमची प्राध्यापकांची संघटना हैदराबादले सचिवालयात गेली होती. कापसावरच्या बोंडअळीचं संशोधन करायले सरकारनं प्रयोगशाळा द्यावी, ही मागणी. मी आदिलाबादचा. राजन्ना सर बेल्लमपल्लीचे, म्हणजे आता दुसऱ्या जिल्ह्याचे.

तिथल्या सचिव साहेबांनी ऐकून घेतलं आन् म्हणाले, "प्रयोगशाळा एकाच जिल्ह्याले भेटन. पहिले तुमच्यात ठरवा, मंग या."

मले वाटलं, संपलं. आता आपसात भांडण लागते आन् फाईल पडून राहते. मी सरांकडं पाह्यलंबी नाही.

सर तेलुगूत शांतपणे म्हणाले, "ठरलंच हाय साहेब. कापूस यांच्याकडं जास्त, अळीबी यांच्याकडं जास्त. आदिलाबादले द्या. आमचे पोरं बसनं येतीन."

"पण तुमचा जिल्हा तर वेगळा झाला?"

"जिल्हा तुमी तोडला साहेब. संघटना कोणी तोडली नाही."

साहेब हसले आन् तिथंच मंजुरी लिहिली.

परत येताना वाटेत चहाले थांबलो. मी इचारलं, "सर, तुमी काऊन सोडलं?"

"सोडलं कुठं? आमच्याकडं कोळशाच्या खाणी हायेत. पुढच्या खेपेले कोळशाच्या धुळीवरची प्रयोगशाळा बेल्लमपल्लीले मागू. तवा तुमी बोला."

पुढच्या खेपेले मीच बोललो. तेबी भेटली.